नणंद म्हणते, तू पोराला पाकिटातलं विष चारतेस

पत्र असं आलंय: "ताई, नमस्कार. मी ३४ वर्षांची. मी आणि नवरा दोघंही शिफ्टमध्ये नोकरी करतो. घरात सासूबाई आहेत, त्यांना शुगर आहे, सासऱ्यांना बीपीची गोळी चालू आहे, आणि ९ वर्षांचा मुलगा. स्वयंपाक मीच करते पण दोन्ही वेळचं सगळं घरचं रोज जमत नाही हे खरं आहे. मुलगा शाळेतून येतो तेव्हा मी घरी नसते, तो बिस्किटं, चिप्स, कधी कोल्ड्रिंक, जे हाताला लागेल ते खातो. सकाळी ब्रेड नाहीतर दुधात सिरियल. माझी नणंद रोज ग्रुपवर व्हिडिओ टाकते की पाकिटातलं प्रत्येक अन्न म्हणजे विष, सिगारेटइतकंच घातक, ज्याचं नाव वाचता येत नाही ते पोटात जाऊ देऊ नका. मागच्या आठवड्यात सगळ्यांसमोर म्हणाली, 'पोराला हाताने विष चारतेस.' मी काही बोलले नाही, नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले. आता दुकानात गेले की पाकिटामागचं बारीक वाचत उभी राहते आणि काहीच कळत नाही. खरंच सगळं बंद करू का? आणि रविवारी रात्री मी आणि मुलगा ओट्याजवळ उभं राहून नूडल्स खातो, आठवड्यात तेवढाच वेळ फक्त आम्हा दोघांचा असतो, ते पण बंद करू? मला अहोजाहो करू नका, धाकट्या बहिणीला सांगाल तसं सांगा."

बरं, मग तसंच सांगते.

आधी त्या 'विष' शब्दाचं बघू, कारण तोच शब्द तुला लागलाय आणि तोच चुकीचा आहे. विष थोडं गेलं तरी बाधतं आणि बऱ्याचदा लगेच बाधतं. पाकिटातल्या खाण्याचं तसं नसतं, ते बाधतं ते रोज खाल्लं म्हणून, जास्त खाल्लं म्हणून आणि त्याने ताटातलं दुसरं काहीतरी ढकलून बाहेर काढलं म्हणून. हा फरक नुसता शब्दाचा नाहीये. विष म्हटलं की एकच उपाय उरतो, सगळं बंद, आणि ते कुणालाच जमत नाही, दोन आठवड्यांत माणूस थकतो आणि मग 'जाऊ दे, काय व्हायचं ते होऊ दे' म्हणून परत पहिल्यासारखं. रोजचं आणि जास्तीचं म्हटलं की मग काय कमी करायचं, कुठून सुरुवात करायची ते दिसायला लागतं.

आणि मी हे नुसतं वाचून सांगत नाहीये. मी नऊ वर्षं एका खाद्यपदार्थाच्या कंपनीत होते, चव तपासायच्या विभागात. त्याबद्दल पुढे सांगतेच.

प्रोसेसिंग म्हणजे वाईट हे डोक्यातून काढून टाक. दूध पाश्चराइज करणं हे प्रोसेसिंगच आहे आणि त्याने दुधातून पसरणारे किती आजार कमी झाले. पीठ दळणं, दही लावणं, मटार फ्रीज करणं, डाळ सोलणं, सगळं प्रोसेसिंग. मिठात आयोडीन घालायला स्वित्झर्लंडमध्ये १९२२ पासून सुरुवात झाली आणि नंतर जगभर गलगंड कमी व्हायला त्याचा मोठा हातभार लागला, तेही पाकिटातलंच मीठ. फ्रोजन मटाराच्या पाकिटावर घटक म्हणून फक्त 'मटार' लिहिलेलं असेल तर ते मटारच आहेत, ते घेताना मनाला अजिबात लावून घेऊ नकोस, उलट दमून आलेल्या दिवशी तेच तुला वाचवतील.

मग भानगड कुठे आहे? ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मॉन्टेरो नावाचे संशोधक, त्यांनी घराघरातल्या खरेदीचे आकडे बघितले तर एक विचित्र गोष्ट दिसली, लोक साखर आणि तेल आधीपेक्षा कमी विकत घेत होते आणि तरी लठ्ठपणा वाढत होता. म्हणजे साखर-तेल पोटात जात होतंच, फक्त डब्यातून न जाता तयार पदार्थांतून जात होतं. त्यावरून त्यांनी २००९ मध्ये अन्नाची वेगळी विभागणी मांडली, नोव्हा म्हणतात तिला. त्यात चार गट. एक, जसंच्या तसं किंवा थोडंफार साफ करून, दळून, वाळवून घेतलेलं अन्न. दोन, स्वयंपाकात घालायचे पदार्थ, तेल, मीठ, साखर, लोणी. तीन, या दोन्हींतून बनवलेलं, म्हणजे चीज, लोणचं, साधा बेकरीतला पाव. आणि चौथा गट म्हणजे अल्ट्रा प्रोसेस्ड, ज्यात मूळ धान्य, भाजी, फळ जवळजवळ ओळखू येत नाही, त्याचे स्टार्च, प्रोटीन, तेल असे भाग वेगळे काढून परत जोडलेले असतात आणि वर फ्लेवर, रंग, इमल्सिफायर म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवणारी द्रव्यं, गोडवा आणणारी द्रव्यं. तुझ्या लेकाची बिस्किटं, चिप्सचे बरेचसे प्रकार, कोल्ड्रिंक, रंगीत सिरियल, मसाल्याच्या पुडीचे नूडल्स, सगळं या चौथ्यात.

आता चौथ्या गटातलं खाल्लं की होतं काय, याचा एक प्रयोग मला नेहमी सांगावासा वाटतो. अमेरिकेत केव्हिन हॉल नावाच्या संशोधकांनी २० जणांना महिनाभर संशोधनाच्या हॉस्पिटलातच ठेवलं. दोन आठवडे अल्ट्रा प्रोसेस्ड जेवण, दोन आठवडे साधं जेवण, आणि समोर जे मांडायचे त्यात कॅलरी, साखर, फॅट, फायबर, मीठ दोन्हीकडे सारखं ठेवलं होतं, फक्त सांगितलं की हवं तेवढं खा, नको तर सोडून द्या. अल्ट्रा प्रोसेस्डच्या दिवसांत त्याच माणसांनी रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. दोन आठवड्यांत जवळपास ९०० ग्रॅम वजन वाढलं आणि साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. माणसं कमी होती, काळही छोटा होता, ते मान्य, पण ही माणसं अधाशी नव्हती, त्यांना कुणी आग्रह केला नव्हता, आणि साखर-मीठ सारखं असूनही हे झालं. अल्ट्रा प्रोसेस्ड जेवणाच्या वेळी ती भराभर खात होती असंही मोजमापात दिसलं. मऊ, कोरडं, कमी चावायला लागणारं आणि एकेका घासात जास्त कॅलरी कोंबलेलं अन्न असलं की पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायच्या आत ताट रिकामं होतं.

आता माझ्या नोकरीचं सांगते. आमच्याकडे छोट्या छोट्या खोक्यांसारखे बूथ होते, आत लाल दिवा, म्हणजे पदार्थाचा रंग कळू नये आणि माणसाने फक्त चव आणि पोत यावर मत द्यावं. एका झडपेतून नमुना आत सरकवायचा, माणूस खाणार, पाण्याने तोंड धुणार, गुण देणार, पुढचा नमुना. मीठ जरा वर, जरा खाली, फॅट जरा वर, जरा खाली, असं पन्नास वेळा. बाहेर एक मशीन होतं जे बिस्कीट दाबून बघायचं की किती जोराला तुटतं आणि तुटताना कसं तुटतं. मक्याच्या फुगवलेल्या कुरकुरीत पदार्थावर आम्ही जवळजवळ वर्षभर काम केलं, त्यात मुख्य प्रश्न हा होता की तो जिभेवर किती पटकन विरतो, कारण जे पटकन विरतं ते पोटात गेल्यासारखं वाटतच नाही आणि हात परत पाकिटात जातो. आणि सगळ्यात लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे आमच्या हेड लोकांनी दिलेल्या गुणांपेक्षा दुसरंच काहीतरी बघायच्या. चाचणी झाली की शेजारच्या टेबलावर तोच पदार्थ नुसता ठेवलेला असायचा, गप्पा मारत लोक खायचे, आणि तासाभराने त्या ट्रेमध्ये उरलेलं वजन करायच्या. जो ट्रे रिकामा, तो फॉर्म्युला पुढे. एकदा आम्ही तिघींनी मीठ कमी केलेला नमुना पुढे नेला, चवीत फारसा फरक नव्हता, पण दुसऱ्या कंपन्या कमी करत नाहीत तर आपण एकट्याने का, म्हणून तो कपाटात गेला. ते मला अजूनही खुपतं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की तुझा ९ वर्षांचा पोरगा एकटा बसून पाकीट अर्ध्यात बंद करत नाही यात त्याचा हट्टीपणा नाही आणि तुझं वळणही कमी पडलेलं नाही. ते पाकीट अर्ध्यात बंद होऊ नये यासाठी मोठ्या माणसांच्या टीमने महिनोन्‌महिने काम केलेलं असतं. त्या टीमसमोर तू एकटी, शिफ्ट करून आलेली. तेव्हा रडायचं थांबव, आणि काय करता येतं ते बघू.

नणंदेच्या व्हिडिओतल्या दोन गोष्टी निस्तरून टाकते म्हणजे त्या डोक्यात घोळत राहणार नाहीत. सिगारेटवाली गोष्ट कुठून आली माहितीये का? २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रोसेस्ड मीट, म्हणजे सॉसेज, हॅम, बेकन वगैरे, त्यांच्या कॅन्सरच्या यादीतल्या पहिल्या गटात टाकलं (हा नोव्हाचा गट नाही), त्याच गटात तंबाखूही आहे. पण तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. पुरावा दोन्हीचा पक्का, धोका मात्र सारखा नाही. त्यांचा आकडा असा होता की रोज ५० ग्रॅम प्रोसेस्ड मीट खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो, तंबाखूने फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी वाढतो. तर रोज सॉसेज खात असाल तर कमी करा, नक्की करा, पण बिस्किटाच्या पुड्याला सिगारेट म्हणणं खरं नाही.

दुसरं ते नाव वाचता येत नाही म्हणून विष. एस्कॉर्बिक अ‍ॅसिड म्हणजे व्हिटॅमिन सी, लेबलवर नंबर ३००. लेसिथिन, नंबर ३२२, ते सोयाबीनमध्ये असतं आणि अंड्याच्या पिवळ्या बलकातही. आणि साखर, मीठ, पाम तेल ही नावं पहिलीतलं पोरही वाचतं. सगळी अ‍ॅडिटिव्ह निरुपद्रवी आहेत असं मी म्हणत नाहीये, काही इमल्सिफायरमुळे उंदरांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर आणि आतड्याच्या अस्तरावर परिणाम होतो हे २०१५ मध्ये दिसलंय, माणसांवर त्याचा अभ्यास चालू आहे, आणि तेवढ्यासाठी ती कमी पोटात गेलेली बरी. पण नाव अवघड म्हणून घाबरायचं आणि सोपं म्हणून सोडून द्यायचं असं केलंस तर जे सगळ्यात जास्त नुकसान करतं तेच नजरेतून सुटेल.

मात्र एका बाबतीत तुझी नणंद बरोबर आहे आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. फ्रान्समध्ये एक लाखाहून जास्त लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून २०१९ मध्ये निघालेला निष्कर्ष असा की खाण्यात अल्ट्रा प्रोसेस्डचा वाटा १० टक्के पॉइंटने, म्हणजे समजा २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर, वाढला की हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका साधारण १२ टक्क्यांनी जास्त दिसतो. अशा अभ्यासातून अमुकमुळेच तमुक झालं असं छातीठोक सांगता येत नाही, कारण जास्त पाकिटं खाणारे लोक बऱ्याचदा झोपही कमी घेतात, पैशाची ओढाताण असते, पण वेगवेगळ्या देशांतून साधारण एकाच दिशेचे आकडे येतायत, आणि हॉलसारखा प्रयोग त्यामागचं कारणही दाखवतो. म्हणून काळजी योग्य आहे, फक्त ती सगळ्या पाकिटांवर सारखी पसरू नकोस. या चौथ्या गटातसुद्धा गोड पेयं आणि प्रोसेस्ड मीट यांचा संबंध आजारांशी सगळ्यात ठळक दिसतो आणि पूर्ण धान्याचा ब्रेड, साधी सिरियल यांचा तसा दिसत नाही.

म्हणून तुझ्या घरात पहिलं काय जायला हवं तर कोल्ड्रिंक. एकच गोष्ट करायची ताकद असेल तर ही कर, बाकी सगळं नंतर. ३३० मिलीच्या एका कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे नऊ चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसभरातल्या कॅलरीपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी या वरून घातलेल्या साखरेतून याव्यात, मोठ्या माणसासाठी ते साधारण ५० ग्रॅम होतं, आणि त्याच्या निम्म्यावर, २५ ग्रॅमवर आणता आलं तर अजून चांगलं. लहान मुलाचं त्याहून कमी. म्हणजे एका कॅनमध्ये दिवसाचं काम तमाम. आणि प्यायलेल्या साखरेने पोट भरत नाही, जेवण तेवढंच जातं. एक दिवस लेकाला सोबत घे, रिकामा ग्लास घे, आणि त्याच्याच हाताने नऊ चमचे साखर ग्लासात टाकून घे. भाषण काही देऊ नकोस. माझ्या भाचीबरोबर मी हे केलं होतं, तिने चौथ्या चमच्यालाच माझ्याकडे बघितलं. फळांचा पॅकबंद ज्यूस आणि फ्लेवरवालं गोड दूध हेही याच रांगेत धर. बाटली घरात असली की प्यायली जाणारच, म्हणून नियम पोराला लावायच्या ऐवजी खरेदीच्या यादीला लाव.

आता ते दुकानात उभं राहून बारीक वाचणं. सगळं वाचायची गरज नाहीये, तीन ठिकाणी नजर टाक आणि पुढे चल. घटक उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, जे जास्त ते आधी, म्हणून पहिले तीन वाच. पहिल्या तिनात साखर किंवा ग्लुकोज सिरप, फ्रुक्टोज, इन्व्हर्ट सिरप, मध, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट यातलं काही दिसलं तर ते मिठाईच्या जातीचं समज, मग पुढे 'ओट्स' लिहिलेलं असो नाहीतर 'हेल्दी'. कधी कधी साखर चार नावांनी वाटून टाकतात म्हणजे कुठलंच एक नाव वर येत नाही, ते पण लक्षात ठेव. ब्राऊन ब्रेडचा रंग कॅरमेलचा असू शकतो, पहिला घटक 'पूर्ण गहू' आहे का तेवढंच बघ. दुसरं, आकडे कायम १०० ग्रॅमच्या रकान्यातले बघायचे, सर्व्हिंगच्या नाही, कारण सर्व्हिंग म्हणजे दोन बिस्किटं असं ते ठरवतात आणि दोन बिस्किटांवर थांबणारं मूल मी अजून बघितलेलं नाही. तिसरं सोडियम, त्याला अडीचने गुणलं की मीठ. पाकिटात १००० मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते अडीच ग्रॅम मीठ झालं, आणि मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा मीठ पुरे असतं. जगात सरासरी माणूस याच्या दुपटीहून जास्त खातो. आणि 'अंशतः हायड्रोजनेटेड तेल' असं कुठे दिसलं तर मात्र पाकीट सरळ परत ठेव, ते ट्रान्स फॅट, त्याच्यात चांगलं काहीच नाही. पुढे मोठ्या अक्षरात शून्य ट्रान्स फॅट लिहिलेलं असलं तरी घटकात ते तेल आहे का ते बघ, कारण अमेरिकेसारख्या काही देशांत एका सर्व्हिंगमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असलं की शून्य लिहायला चालतं.

सासऱ्यांसाठी मीठ हाच मुख्य मुद्दा. भाजीतलं मीठ कमी करून घरात सगळ्यांची तोंडं वाकडी होतात आणि तिकडे ब्रेड, सॉस, इन्स्टंट सूप, खारे दाणे यातून मुकाट्याने जातच असतं, म्हणून आधी ते बघ. चव हळूहळू सवयीने बदलते, एका रात्रीत करू नकोस, काही आठवड्यांत जीभ जुळवून घेते. 'लो सोडियम' मीठ आणायचं असेल तर त्यात पोटॅशियम असतं, बीपीच्या काही गोळ्यांबरोबर आणि किडनीचा त्रास असेल तर ते चालत नाही, तेव्हा आधी त्यांच्या डॉक्टरांना विचार.

सासूबाईंची 'शुगर फ्री' बिस्किटं तू पत्रात लिहिली नाहीस पण शुगर असलेल्या माणसाच्या घरात ती बहुतेक असतातच. साखर नसली तरी त्यात मैदा असतो, फॅट असतं, कधी माल्टोडेक्स्ट्रिन असतं जे लेबलवर साखरेत मोजत नाहीत पण रक्तातली साखर भराभर वाढवतं. शुगर फ्री म्हणून चारच्या ऐवजी आठ खाल्ली की झालं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन कमी करण्यासाठी कृत्रिम गोडव्याचा आधार घेऊ नका असं सांगितलं, ते डायबिटीस आधीपासून असलेल्यांना लागू नाही, म्हणून त्यांच्या चहातल्या गोळीवर तू वाद घालू नकोस, तो त्यांचा आणि डॉक्टरांचा विषय. बिस्किटांऐवजी मूठभर भाजलेले दाणे त्यांच्या डब्यात गेले तर बघ.

आणि आता लेकाची संध्याकाळ. पोर शाळेतून येतं तेव्हा ते खरोखर भुकेलेलं असतं, त्याला विचार करायचा नसतो, पहिलं दिसेल ते हवं असतं. मग पहिलं दिसणारं काय आहे एवढंच तुझ्या हातात आहे. फ्रीजमध्ये त्याच्या उंचीच्या कप्प्यात झाकणाचा एक डबा ठेव, त्याचं नाव लिहून, त्यात उकडलेलं अंडं नाहीतर उकडलेला बटाटा, दही, कापलेलं नाहीतर सहज सोलता येणारं फळ, दाणे. उकडलेल्या बटाट्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ८५ कॅलरी असतात, चिप्समध्ये ५०० च्या वर, आणि बटाटा खाऊन पोट भरतं. रोज पाच पदार्थ सजवायचे नाहीत, दोन पुरे. तो डबा आधी, आणि मग हवं असेल तर दोन बिस्किटं, ताटलीत काढून, पुडा कपाटात. पुडा हातात घेऊन टीव्हीसमोर बसणं तेवढं बंद. पूर्ण बंदी घालू नकोस, या वयात बंदी घातलेली गोष्ट मित्राच्या घरी दुप्पट खाल्ली जाते आणि वर लपवायची सवय लागते, ती जास्त वाईट. सकाळचं सिरियल बदलायचं असेल तर एकदम नको, निम्मं गोड, निम्मं साधे ओट्स असं करत करत प्रमाण हलव.

एक गोष्ट मात्र घरात बसून सुटणारी नाही आणि ती नणंदेने ऐकायला हवी. सगळं ओझं आईच्या स्वयंपाकावर टाकलं की बाकी सगळे मोकळे सुटतात. डेन्मार्कने २००३ मध्ये कायद्याने ट्रान्स फॅटवर मर्यादा घातली, तिथल्या एकाही आईला त्यासाठी लेबल वाचत उभं राहावं लागलं नाही, पदार्थातूनच ते गेलं. चिलीत २०१६ पासून साखर, मीठ, फॅट जास्त असेल तर पाकिटाच्या पुढेच काळा अष्टकोन छापावा लागतो, तसे पदार्थ शाळेत विकता येत नाहीत आणि त्या पाकिटांवर पोरांना भुलवणारी कार्टून टाकता येत नाहीत. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून १०० मिलीत ५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असलेल्या गोड पेयांवर कर लावला तर कर लागू व्हायच्या आधीच बऱ्याच कंपन्यांनी साखर कमी केली. बघ, तेच कारखाने, तीच मशीनं, नियम बदलला की फॉर्म्युला बदलतो. आमच्या कपाटात गेलेला तो कमी मिठाचा नमुना मला म्हणूनच आठवतो, तो बनवता येत होता, बनवून झाला होता, फक्त तो सगळ्यांनाच करायला लावणारं कुणी नव्हतं.

तेव्हा नणंदेशी भांडू नकोस, तिला कामाला लाव. तिला काळजी आहे, वेळ आहे, बोलायला येतं. तिला सांग, "ताई, कोल्ड्रिंक घरात आणणं मी बंद केलंय, आता शाळेच्या मीटिंगला तुम्ही माझ्यासोबत चला, कॅन्टीनमध्ये काय विकतात आणि बक्षीस म्हणून चॉकलेटं का वाटतात ते विचारू." आली तर तुला सोबत मिळाली. नाही आली तरी पुढच्या वेळी सगळ्यांसमोर बोलताना ती दोनदा विचार करेल. आणि परत 'विष' म्हणाली तर बाथरूममध्ये जाऊ नकोस, तिथेच, आवाज न चढवता म्हण, "हा शब्द माझ्या मुलासमोर नको." खाण्याची भीती बसलेलं मूल मी बघितलंय, घास तोंडात घेऊन आईकडे बघत बसायचं, चालेल ना म्हणून. तसं तुझ्या लेकाचं होऊ नये.

रविवारचे नूडल्स चालू ठेव. आठवड्यातून एकदा, आईबरोबर उभं राहून, गप्पा मारत खाल्लेले नूडल्स हा तुमच्या घरातला शेवटून पहिला प्रश्न आहे. फक्त मसाल्याची पुडी अर्धीच घाल, बरंचसं मीठ तिथेच असतं, उकळत्या पाण्यात मूठभर फ्रोजन मटार टाक, आणि अंडं त्याला फोडू दे. पहिल्या दोन-तीन वेळा कवच आत पडेल, ते चमच्याने काढायचं.